सुई न टोचलेला उंदीर

तुमच्या घरात उंदीर निघाला तर तुम्ही काय करता, खरं सांगा? झाडू उचलता, सापळा लावता, शेजाऱ्याकडून औषधाची वडी मागून आणता. बरोबर? मग ज्या माणसाने बावीस वर्षं उंदरांना वेळेवर जेवायला घातलं, त्यांच्याखाली कोरडा भुसा अंथरला आणि थंडी पडली की आधी उंदरांच्या खोलीचा पारा बघून मग स्वतःचा स्वेटर चढवला, त्याची गोष्ट जरा गप्प बसून ऐका. तुमच्या-माझ्यातल्या कितीजणांना बावीस वर्षं कुणी इतकं जपलंय?

कागदावर त्याचा हुद्दा होता ‘प्राणी परिचर’. अख्खी संस्था मात्र त्याला उंदीरमामा म्हणायची आणि त्याला त्याचं काही वाटत नव्हतं. वाटायचं ते एकाच गोष्टीचं. संस्थेच्या इमारतीला तीन मजले आणि एक तळघर. तिसऱ्या मजल्यावर मोठे साहेब, दुसऱ्यावर प्रयोगशाळा, पहिल्यावर कारकून आणि तळघरात मामा आणि उंदीर. वरची माणसं खाली यायची तेव्हा डोक्याला टोपी, पायात प्लास्टिकचे मोजे, नाकाला फडकं. मामाला वाटायचं, हे सगळं उंदरांना आपला जंतू लागू नये म्हणून आहे, हे या लोकांना कुणीतरी सांगायला हवं. ते नाक असं धरून यायचे, जणू उंदरांचाच वास मारतोय. अहो, माझ्या पिंजऱ्यांत वास? जीभ झडेल म्हणणाऱ्याची.

तर या संस्थेत गेली सहा वर्षं एक औषध बनत होतं. औषध म्हणजे खरं तर चमकणारा रंग, धातूबितू काही नाही, कार्बनच्या रेणूंचा. मामा हे सगळं कानांनी शिकला होता. चार माणसं पिंजऱ्याशेजारी उभी राहून बोलतात तेव्हा पिंजरा धुणाऱ्याला कान नसतात असं धरून चालतात, त्या सवयीवर मामाचं सगळं शिक्षण झालेलं. आणि शिकलेलं तो गल्लीत फुकट वाटायचा.

“हे बघा,” तो ओट्यावर बसून सांगायचा, “त्या रंगाचे इतके बारीक कण करतात की तुमच्या केसाच्या टोकावर हजार बसतील. सुईने शिरेत सोडायचे. फिरत फिरत ते गाठीत जाऊन अडकतात. वरून लाल दिवा मारला की चमकतात. आपल्याला नाही दिसत ती चमक, कॅमेऱ्याला दिसते. गाठ कुठे ते कळलं की दिवा मोठा करायचा. मग तेच कण गाठीला आतून भाजून काढतात. शोधणारा तोच, मारणारा तोच!”

“म्हणजे पोलीसही तोच आणि न्यायाधीशही तोच,” आतून मशीन चालवता चालवता त्याची थोरली बहीण म्हणायची. “आणि चुकून भलताच धरला तर रे?”

“अक्का, तुला विज्ञानातलं कळत नाही.”

“मला शिवणातलं कळतं. तेवढ्यावर तुला वाढवलाय.”

हे खरं होतं. आई-बाप गेल्यावर अक्कानेच त्याला वाढवलं. लोकांच्या पँटी आखूड करून, झग्यांना चेन बसवून. तिच्या हाताखालून गेलेलं कापड परत आलं असं कुणी सांगावं आणि बक्षीस न्यावं. त्या अक्काला यंदा पोटात दुखायला लागलं. आधी जागरण म्हणाली, मग वय म्हणाली, आणि शेवटी तपासण्या झाल्या तेव्हा मोठ्या आतड्यात गाठ निघाली. सरकारी रुग्णालयातल्या सर्जनने चित्र काढून दाखवलं. इथून इथपर्यंत कापू, दोन टोकं जोडू, अजून वेळ गेलेली नाही, पण घालवू नका. तारीख दिली गुरुवारची. सोमवारी दुपारपर्यंत येऊन सही करायची, नाहीतर तारीख दुसऱ्याला. पुढची तीन महिन्यांनी.

आता कुणीही शहाणा माणूस काय करेल? सही करेल. पण अक्काच्या घरात विज्ञान शिरलेलं होतं ना!

“मी नाही तिथे कापून घेणार,” अक्का म्हणाली. “तो डॉक्टर म्हणतो, ‘साधारण इथून इथपर्यंत.’ साधारण! खडूची खूण असल्याशिवाय मी फाटक्या चादरीला कात्री लावत नाही. तुझे साहेब दिवा लावून, खूण बघून नेमकी गाठच भाजणार. तूच सांगतोस ना रोज?”

मामाची छाती फुगली. संस्थेत माणसांवरच्या पहिल्या चाचणीसाठी नावं घेत होतेच. मामाने स्वतः अर्ज भरून दिला. साहेबांनाही तो आवडला. आपल्याच परिचराची बहीण, वर्तमानपत्राला गोष्ट तयार! अक्काचं नाव यादीत पहिलं लागलं. सर्जनच्या सोमवारआधीच्या शनिवारी समारंभ, मोठे पाहुणे, पडद्यावर चमकणारा उंदीर आणि त्यानंतर व्यासपीठावर अक्काची सही. सही झाली की आधी दुसरीकडे शस्त्रक्रिया करायची नाही, अशी अट. चाचणी सुरू कधी होणार? ‘लवकरच.’ या ‘लवकरच’ला जगात कुठल्याच कॅलेंडरवर चौकोन नाही.

मामाच्या हातून रोज एक दयेचं काम घडत होतं. समारंभाला पाच दिवस असताना सगळा घोटाळा त्या दयेने उघडा पाडला. त्याआधी उंदरांतले थोर आणि सामान्य तुम्हाला कळले पाहिजेत.

चार महिन्यांपूर्वी खरेदीसाहेबांनी उंदरांसाठी नवं खाद्य आणलं. जुनं खाद्य फिकट, पांढुरकं, दिसायला अगदी गरीब. नव्या पोत्यावर हिरवं पान छापलेलं आणि वर ‘निसर्गाच्या कुशीतून’. आत वाळवलेल्या लसूणघासाच्या, म्हणजे गुरांच्या चाऱ्याच्या, हिरव्या गोळ्या. मोठे साहेब त्या पानावर भाळले. पण पोती आली थोडी. मग साहेबांनी शिक्क्यानिशी हुकूम काढला: ज्या उंदरांना औषधाची सुई दिली आहे त्यांना उत्तम, म्हणजे नवं खाद्य द्यावं. सुई न दिलेल्यांना जुनी पोती संपेपर्यंत जुनंच. हे सुई न दिलेले उंदीर ठेवतात ते तुलनेसाठी. दोघांच्याही आतड्यात गाठ, फरक फक्त सुईचा. सुईवाला चमकला आणि बिनसुईचा काळा राहिला, म्हणजे चमक औषधाची. साधा हिशोब आहे.

साहेबांना त्या हुकुमात काही चुकीचं दिसलं नाही, आणि का दिसावं? त्यांचं जेवणघर तिसऱ्या मजल्यावर वेगळं होतं, आणि कारकुनांचे डबे जिन्याखाली. मोठ्यांनी एक खायचं, लहानांनी दुसरं, हा त्यांच्या लेखी निसर्गाचा नियम. तो तळघरात उतरला इतकंच. मामानेही चार महिने निमूट दोन बादल्यांतून दोन पंगती वाढल्या. बडा घर, पोकळ वासा. पण वाशाला पोकळ म्हणायला आधी कुणी ठोकून तरी बघायला हवं.

आणि निकाल काय विचारता! सुईवाल्यांचं पोट पडद्यावर दिवाळखोराच्या लग्नासारखं लखलखलेलं, बिनसुईचे काळे ठिक्कर. साहेबांचा फोटो छापून आला.

बिनसुईच्या पंगतीत एक वाकड्या शेपटीचा उंदीर होता. केस नसलेल्या जातीचा, गुलाबी, कायम कुडकुडल्यासारखा. मामाला त्याची कीव यायची. म्हणून तो रोज थोरांच्या बादलीतल्या दोन हिरव्या गोळ्या गुपचूप त्याच्या पिंजऱ्यात टाकायचा. एका सकाळी दुसऱ्या मजल्यावरची संशोधक पोरगी खाली आली. जाड चष्मा, झोप कमी, औषधाच्या सहा वर्षांपैकी चार तिने हाडं झिजवलेली. सगळे तिला चष्मेवाली म्हणायचे.

“मामा, बिनसुईचा एक द्या. कॅमेरा नीट लावायचाय, काळं चित्र हवंय.”

मामाने वाकड्या दिला. तिने त्याला झोपेचा वायू दिला, पेटीत ठेवलं, लाल दिवा लावला. पडद्यावर पोट पेटलं.

“मामा, पिंजरा चुकला तुमचा.”

“ताई, काय वाटेल ते म्हणा. मला वेडा म्हणा. पण बावीस वर्षांत माझा पिंजरा चुकलेला नाही.”

तिने पिंजऱ्यावरचं कार्ड वाचलं. सुई: नाही. परत वाचलं. मग मामाकडे असं बघितलं की मामाला दोन हिरव्या गोळ्यांचा गुन्हा कबूलच करावा लागला. तिने उंदीर बाहेर काढला, बादलीतली एक गोळी उचलली आणि नुसती गोळी बशीत घालून पेटीत ठेवली. ना उंदीर, ना गाठ, ना औषध.

गोळी साहेबांच्या औषधापेक्षा जास्त चमकली.

चष्मेवाली भुशाच्या पोत्यावर बसली. “हरितद्रव्य,” ती म्हणाली. “पाल्यात असतं ते. लाल दिव्याखाली चमकतंच. शाळेतलं आहे, मामा. मला माहीत असायला हवं होतं.”

“म्हणजे आपण चार महिने…”

“उंदराच्या पोटातल्या चाऱ्याचे फोटो काढतोय.”

मामाला आधी हसू आलं. मग अक्का आठवली, आणि हसू पळालं.

दोघं तिसऱ्या मजल्यावर गेले. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची ती उंदीरवाल्यानेच, दुसरं कोण? साहेबांनी सगळं ऐकलं, चष्मेवालीचं अर्धं आणि मामाचं अजिबात नाही.

“तुम्ही पेशंटला हा चारा घालणार आहात का?” साहेबांनी विचारलं.

“नाही, सर.”

“माणसं लसूणघास खातात?”

“नाही, सर, पण…”

“मग माणसाच्या पोटात तो चमकण्याचा प्रश्नच नाही. विषय संपला. शनिवार तोंडावर आहे. आणि मामा, तुम्ही उंदरांना खायला घाला. जगाला काय घालायचं ते मी बघतो.”

मामाला याचं उत्तर जिन्यात सुचलं, आपल्याला नेहमी सुचतं तिथेच. अहो, माणसाच्या पोटात चारा नसेल तर मग तिथे चमकणार काय? औषध गाठीत जातं, हेच कुठे ठरलंय? अक्काच्या पोटात दिवा लावला आणि काहीच दिसलं नाही, तर साहेब म्हणतील गाठच नाही. आणि तोवर तीन महिने ती गाठ बसून राहणार होय? ती काय साहेबांच्या हुकुमाची वाट बघत वाढते?

तो जिन्यातूनच परत वर जायला वळला. पण दार बंद झालं होतं.

घरी आल्या आल्या त्याने अक्काला सांगितलं, “येत्या सोमवारी सही करून ये. गुरुवारी कापून घे.”

अक्काने मशीन थांबवलं नाही. “का रे? साहेबांशी भांडलास?”

“चमक खोटी आहे, अक्का. चाऱ्याची आहे.”

“परवापर्यंत गल्लीला गोळा करून सांगत होतास, शोधणारा तोच आणि मारणारा तोच. सामनेवाल्या म्हाताऱ्याने तुझं ऐकून त्याच्या जावयाचं नाव घातलं यादीत. आणि आज चाऱ्याची?”

“माझी चूक झाली.”

“तुझी चूक होते तेव्हा तू असा हळू बोलत नाहीस. घाबरलायस. पोटाला माझ्या कात्री लागणार, आणि पाय तुझे लटपटतायत.”

“अक्का, माझं ऐक…”

“तुझंच ऐकून तर यादीत गेले. आता तुझंच ऐकून बाहेर येऊ? माणूस आहे का घड्याळाचा लंबक?” तिने दोरा दाताने तोडला. “शनिवारी मी पहिल्या रांगेत बसणार आहे. डोळ्यांनी बघेन. चमकलं तर सही तिथे, नाही चमकलं तर तुझ्या सर्जनकडे.”

आपलेच दात, आपलेच ओठ! मामाने रात्रभर कूस बदलली असेल असं तुम्हाला वाटत असेल, तर नाही. तो आडवा झाला आणि घोरला. कारण ‘चमकलं तर’ हे शब्द ऐकता क्षणीच त्याने ठरवलं होतं काय करायचं. उंदीर चमकणारच होता. फक्त कुठला, ते मामाच्या हातात होतं.

पुढचे पाच दिवस वाकड्याला थोरांच्या पंगतीत बसवलं. पोटभर हिरवं. आयुष्यात पहिल्यांदा तो पेंगला.

शनिवारी सभागृह भरलं. व्यासपीठावर फुलं, खुर्च्या, कॅमेऱ्याची पेटी आणि मागे भिंतीएवढा पडदा. मोठे पाहुणे तेच होते जे पुलाचं, शाळेचं आणि मुतारीचं उद्घाटन एकाच भाषणात करतात. साहेबांनी हात पसरून सांगितलं की यापुढे गाठ लपणार नाही. अक्का पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या कपड्यांत, पर्स मांडीवर. तिच्या मागच्या रांगेत यादीतली बाकी माणसं, कुणी बारीक झालेलं, कुणी डोक्याला रुमाल बांधलेलं.

मामा पिंजरा घेऊन चढला. चष्मेवालीने पिंजरा घेताना सवयीने कार्ड वाचलं. सुई: नाही. तिची बोटं थांबली. तिने मामाकडे बघितलं. एक शब्द बोलली असती, “मामा, हा नाही, दुसरा,” तर सगळं निस्तरलं असतं. तिची चार वर्षं, तिची पदवी, तिची पुढची नोकरी, सगळं त्या एका शब्दावर टांगलेलं होतं. तिने चष्मा वर सरकवला आणि उंदीर पेटीत ठेवला.

लाल दिवा लागला. भिंतीवर वाकड्याचं पोट पेटलं. अहाहा! पाहुणे उभे राहिले म्हणून सगळे उभे राहिले. टाळ्या, फोटो. अक्काने पर्समधून पेन काढलं.

“साहेब,” मामा म्हणाला, “याला सुई टोचलेली नाही.”

टाळ्यांत कुणाला ऐकूच गेलं नाही. मग त्याने साहेबांच्या समोरचा माइक स्वतःकडे ओढला.

“या उंदराला सुई टोचलेली नाही! औषधाचा थेंब याच्या अंगात नाही. कार्ड वाचा.”

साहेब मात्र मुरलेले. हसत म्हणाले, “आमचे मामा मोठे विनोदी आहेत हं!” आणि पाहुणे हसले म्हणून सगळे हसले.

“थांबा.” अक्का उठली. “मी हसत नाहीये. पोट माझं कापायचंय. धाकट्या, सांग, काय म्हणालास?”

मामाने खिशातून हिरवी गोळी काढली. “ताई, उंदीर बाहेर काढा. ही ठेवा. दिवा लावा.”

साहेब म्हणाले, “दिवा बंद करा!” चष्मेवालीने दिवा लावला.

भिंतीवर काळ्या अंधारात एकटी गोळी चमकत राहिली, खोलीएवढी. मामाने चार वाक्यांत सांगितलं. हुकूम, दोन बादल्या, चारा. पाचवं सांगायच्या आत माइक बंद झाला. पण अक्काला पाचवं नको होतं.

“म्हणजे खडूची खूण कापडावर नाहीच,” ती म्हणाली. “टेबलावर ओढलीय!” पेन तिने पर्समध्ये टाकलं. साहेब आडवे आले, “ताई, बसा, हे तांत्रिक आहे, मी समजावतो.”

“तुम्ही दोन गिऱ्हाइकांची मापं घेताना एकाला बूट घालून उभं केलंत, एकाला अनवाणी, आणि म्हणता हा उंच आहे. माझ्या दुकानात असं करणाऱ्या पोरीला मी दुसऱ्या दिवशी येऊ नको म्हणते. सरका.”

साहेब सरकले. अक्काच्या पुढ्यातून न सरकलेला माणूस अजून जन्मायचाय. सोमवार उजाडायची तिने वाट बघितली नाही. त्याच पावली रुग्णालयात गेली, शनिवार म्हणून खिडकी बंद होती, तर वॉर्डातल्या नर्सला उठवून सही करून आली.

गुरुवारी शस्त्रक्रिया झाली. गाठ निघाली, कापलेल्या कडा स्वच्छ, मागे गाठीचं काही उरलं नाही, असा कागद आला. तपासण्या चालू राहतील, औषधं घ्यावी लागतील, ते काही एका दिवसात संपत नाही. तिसऱ्या आठवड्यात अक्का मशीनवर बसली. सर्जनबद्दल तिचं मत असं की टाके बरे आहेत, पण दोरा जास्त वापरलाय.

मामाला निलंबित केलं. आरोपपत्रात दोन कलमं. एक, परवानगीशिवाय चुकीच्या वर्गातला उंदीर व्यासपीठावर आणणे. दोन, सभागृहात खाद्यपदार्थ आणणे. चौकशी समितीने लिहिलं की पडद्यात चार मिनिटं तांत्रिक बिघाड होता. दोनशे माणसांच्या डोळ्यांत एकाच वेळी बिघाड! मामा रोज सकाळी ओट्यावर बसतो. आता तो विज्ञान सांगत नाही, पण कुणी विचारलं तर त्या औषधाला खोटंही म्हणत नाही. कारण चष्मेवालीने मधल्या काळात एक काम केलं. सगळ्या उंदरांना एकच पांढरं खाद्य घातलं, पंधरा दिवस थांबली आणि प्रयोग पुन्हा केला. सुईवाल्यांची गाठ चमकली. अगदी मंद, वाटेत यकृतात अडकलेल्या कणांच्या चमकेच्या निम्मीही नाही, पण चमकली. म्हणजे काम लबाडीचं नाही, कच्चं आहे. अजून काही वर्षं मेहनत घेतली तर कुणाच्या तरी पोटात ती खूण खरोखर उमटेल. तिने हे सगळं खरं खरं लिहून वर पाठवलं. तो कागद तिसऱ्या मजल्यावर काचेच्या पेपरवेटखाली दबून पडलाय.

आणि यादी? यादी तशीच आहे. अक्काचं नाव खोडलं, खालचं नाव वर सरकलं. अकरा माणसं अजून ‘लवकरच’ची वाट बघत बसली आहेत. मिळालेल्या तारखा सोडून. त्यांना संस्थेने एका ओळीचंही पत्र पाठवलेलं नाही. सामनेवाल्या म्हाताऱ्याच्या जावयाला मामाने स्वतः हाताला धरून सर्जनकडे नेलं. उरलेल्या दहा जणांचे पत्ते मामाकडे नाहीत, आणि ज्यांच्याकडे आहेत ते तोंडात मूग गिळून बसलेत.

तेव्हा तुमच्या घरात, शेजारी, नात्यात कुणी त्या दहांतलं असेल, तर हा कागद इथेच खाली ठेवा, त्यांना घेऊन आजच्या आज रुग्णालयात जा आणि त्यांची तारीख परत मागून घ्या.